सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल

…नाही, कालही झोप लागलीच नाही, आणि लागणार कशी, तुम्हीच सांगा, शेजारी माझी चार वर्षांची शालू गाढ झोपलेली आणि मी तिच्या नाकाशी बोट धरून बसलेली, श्वास चालतोय की नाही बघायला, आणि चालतोय हे कळल्यावर दुसरी चिंता, की इतकी गाढ का झोपली? एरवी उंदीर सरकला तरी उठणारी पोर, हल्ली ऊन ओसरीत आलं तरी हलवून उठवावी लागते. आता ही साधी झोप म्हणायची, की… भांगेची?

भांग म्हटल्याबरोबर तुमचे चेहरे बदलले. थांबा जरा. मॅट्रिक झालेली बाई आहे मी, आमच्या घरात सुपारीसुद्धा कुणी खात नाही, आणि आमचे हे तर शाळामास्तर, संयुक्त महाराष्ट्र झाला त्या वर्षी शाळेच्या भिंतीवर गेरूने नशाबंदीचा फलक रंगवून आलेले. तेव्हा आधी सगळं ऐका, आणि मग सांगा, यात माझं काय चुकलं?

तर तुम्हाला सांगते, हे सुरू झालं आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांपासून. मंजुळाबाई म्हटलं की अख्खं देऊळघाट ओळखतं, वांग्याच्या वाफ्यात दिवसभर वाकून काम केलेली बाई. पण दोन वर्षांपासून बसल्या की उठता येईना, उठल्या की बसता येईना, आणि गुडघा वाकवला की असा कर्रकन वाजायचा की मांजर पळून जायचं. नेलं बुलढाण्याला. डॉक्टर म्हणाले, "आजी, हाडांची झीज आहे, आता मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बरं बाप्पा. मंग वटवाघुळावानी टांगूनच घेतो मी सोताले."

तेही आम्ही हसून सोडलं असतं. पण आमच्या सासूबाई महानुभाव पंथाच्या, उपदेश घेतलेल्या. एका परमेश्वराशिवाय दुसऱ्या कुठल्या देवाचा प्रसाद नाही, नशेची वस्तू तर घराच्या आसपास नाही, आणि रोज सकाळी परमेश्वरापुढे दंडवत. अगदी जमिनीला अंग टेकवून. तो दंडवत बंद पडला. उभ्या उभ्या हात जोडायच्या आणि पदर डोळ्याला लावायच्या. एवढी करारी बाई, मला वांग्याचे देठ कसे कापायचे हे नऊ वर्षं शिकवतेय, आणि ती रडतेय म्हटल्यावर मी काय करायला हवं होतं?

मी लोणारला गेले. माझे मामा तिथे, उकंडराव, झाडपाल्याचं औषध देतात, डिग्री नाही पण गुण आहे. शालू माझ्या मांडीवर, आणि मामा चुलीवर काळंकुट्ट तेल आटवत मला समजावतायत, "हे पाय पोरी, परत्येकाच्या आंगात एक कुलूप असते. दुखणं त्याच्यामांगं कोंडलेलं. या पाल्यात त्याची किल्ली हाये. आता माणसाच्या आंगात या पाल्याचं कुलूप काऊन बसवलं, ते मले इचारू नको, बसवणाऱ्याले इचार." मी मॅट्रिकला विज्ञान घेतलेली. अंगात कुलूप कुठल्या धड्यात होतं, आठवेना. पण बाटली घेतली, पिशवीत ठेवली, एस्टीत बसले, आणि मामा खिडकीशी येऊन म्हणतात, "भांगीचा पाला हाये बरं, शिवरात्रीले महादेवाले वाह्यलेला. पोटात नाई द्याचं, फकस्त चोळाचं." आणि गाडी सुटली.

म्हणजे बघा. नशेची वस्तू. तीही दुसऱ्या देवाची. तीही सासूबाईंच्या गुडघ्यावर. घाटाघाटाने मी ठरवत आले की बाटली पुलावरून फेकून द्यायची, आणि प्रत्येक पूल गेल्यावर म्हणत आले, पुढच्या पुलावर.

घरी आले. सासूबाई वास घेऊन म्हणाल्या, "काय हाये वं यात?"

आणि माझं तोंड म्हणालं, "निर्गुडी." मी नाही म्हटलं, तोंड म्हणालं. यात माझं काय चुकलं?

त्यांनी बाटली पुन्हा एकदा नाकाशी नेली. मग म्हणाल्या, "निर्गुडी. असीन." आणि पाय पुढे केले.

तुम्हाला खोटं वाटेल, पंधराव्या दिवशी बाई जमिनीला टेकल्या. कर्र वाजलं, पण टेकल्या, आणि कपाळ भुईला लावून तशाच राहिल्या. उठल्या तेव्हा कपाळाला शेणामातीचा ठिपका आणि चेहऱ्यावर असं काही, की मी सैपाकघरात जाऊन रडले. अर्धी आनंदाने, अर्धी भीतीने.

कारण सगळं माहीत असलेलं माणूस घरात एकच, आणि ते चार वर्षांचं. तिला मी रोज गुळाचा खडा द्यायला लागले, मामांच्या घरचं कुणाला सांगायचं नाही म्हणून. पण पुढचं ऐका. तेल चोळायला सासूबाईंना शालूच लागायची. "हिचा हात मऊ हाये." आता मऊ हात, त्यावर तेल, आणि ही पोर बोटं चाटणारी. खुदकन हसली की मी तिचे डोळे तपासायची. कालपर्यंतही अशीच हसायची का? आठवेना. आईला आठवायला नको?

मामांना कार्ड टाकलं. पण आमचं कार्ड पोस्टमन आधी वाचतो, मग पारावर वाचून दाखवतो, मग आमच्या हातात देतो. भांग कशी लिहू? लिहिलं, "ते मुलीच्या हाताला लागते. चालेल का?" आठ दिवसांनी मामांचं उत्तर, "कोणते ते? सविस्तर कळवावे."

शेजारच्या तानुबाई आल्या, "मंजुळाबाई, थेंबभर मलेही द्या ना, कंबर गेली माही." सासूबाई, ज्या अख्ख्या आळीला वांगी फुकट वाटतात, त्या म्हणाल्या, "नाई वं, ते मह्याच गुडघ्याले लागू हाये." तानुबाईंनी विचारलं, निर्गुडी कुठून आणली, तर सासूबाईंना एकदम कमी ऐकू यायला लागलं. मला वाटलं, वय झालं. मॅट्रिक झालेली बाई मी.

तर आज पहाटे ठरवलं, बास. पोरीच्या जिवापेक्षा काय मोठं आहे? सांगून टाकायचं. माहेरी पाठवा, वांग्याचे देठ तोंडावर फेका, पण सांगायचं.

सासूबाई ओसरीत पाय पसरून बसलेल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, त्या तेलाचं एक…"

"चुलीवर आंधण उतू चाल्लं वाट्टे."

गेले. आंधण शांत होतं. परत आले. "आत्याबाई, ती निर्गुडी…"

"गाय सुटली का काय पाय बरं."

गाय बांधलेली. गाय माझ्याकडे अशी बघत होती की तिलाही सगळं माहीत आहे. तिसऱ्यांदा मी पदर खोचून समोरच बसले. "आत्याबाई, मी तुमच्याशी खोटं…" तर बाई ताडकन उठल्या. तुम्हाला सांगते, ताडकन. दोन वर्षांत अशा उठल्या नव्हत्या. आणि वांग्याच्या वाफ्याकडे चालायला लागल्या, मी मागे, त्या पुढे, आणि मला गाठता येईनात. इतका गुण आला होता त्या तेलाचा.

शालू माझं लुगडं ओढत होती. "आई, नको ना सांगू आजीले."

"का गं?"

"आजीले मालूम हाये. तिच्या भावाच्या चिलमीचा असाच वास ये म्हणे. पण तू सांगितलं तं तिले तेल सोडा लागीन, अन् मंग दंडवत बंद. तू सांगितलं नाई तं तिले मालूमच नाई. म्हणून आजीबी मले गूळ देते, तुले सांगू नको म्हणून."

मी तिथेच थांबले. गूळ इतका का संपतो, ते आत्ता कळलं. आणि वाफ्यात सासूबाई आमच्याकडे पाठ करून, न वाकताच, वांग्यांशी काहीतरी बोलत होत्या.

"आणि तुझे हात? बोटं चाटतेस ती?"

"आजी माह्ये हात राखेनं धुते. दोनदा. मंगच गूळ."

म्हणजे सासूबाईंनी तेही बघितलं होतं. मी एवढी जागून, एवढी शिकून जे बघत बसले, ते त्यांनी राखेच्या चिमटीत उरकलं. आता सांगायचं कुणाला? बोलले तर दंडवत बंद, गप्प बसले तर मी जन्माची खोटारडी. बरं, असू दे. पण एक गोष्ट राहिलीच होती, सगळ्यात मोठी, ती विचारली.

"मग शालू, सकाळी तू उठत का नाहीस गं?"

पोरीने माझ्याकडे असं बघितलं, जसं सासूबाई बघतात, वांग्याचा देठ मी चुकीचा कापला की. आणि म्हणाली, "रातभर तू माह्या नाकापाशी बोट धरून बसते. मले गुदगुल्या होतात. मंग मी झोपू कवा?"