कुठल्या विषयासाठी हवंय?

हॅलो? हॅलो… काँग रिसालिन का? दाशिशाची आई? मी फिडालिया बोलतेय. शाळेच्या लायब्ररीतली… नाही हो, दाशिशाने पुस्तक फाडलं वगैरे काही नाही. दंडही नाही. ऐका ना…

आधी सांगा, चुलीवर काय आहे?

…उगाच नाही विचारत, काँग. अळंबी आहे का?

…खाली उतरवा. आत्ता. आधी भांडं उतरवा, मग बोला. मी थांबते.

…उतरवलं? कुणी खाल्लं तर नाही ना?… मिठाची चव घेतलीत?… नाही. आणि धाकटा? तो चुलीपाशीच असतो, त्याला विचारा… बरं. बरं, देवाची कृपा.

हो, सांगते. सांगतेच आहे. त्या दिवशी दाशिशा माझ्याकडे आली, म्हणाली, खायची अळंबी कुठली ते बघायचंय. मी आपलं नेहमीचं विचारलं, कुठल्या विषयासाठी हवंय? ती म्हणाली, विज्ञान. झालं. आमच्याकडे पोरगं आलं की आम्हाला वाटतं, आलं प्रोजेक्ट. शिलाँगहून खोक्यातून आलेलं ते जाडजूड रंगीत पुस्तक काढलं, पानाची झेरॉक्स दिली हातात. वर सांगितलं, चित्रं नीट काढ हं.

…तेच तर. आत्ता ते कपाटात ठेवताना पहिलं पान वाचलं. विलायतेतल्या रानातली अळंबी आहे ती सगळी. आपल्या रानाचा त्यात पत्ताच नाही.

…हुबेहूब तशीच दिसते, हो, भीती त्याचीच आहे ना. तिकडची खायची आणि इकडची विषारी, दिसायला सख्ख्या बहिणी असायच्या…

नाही, उकळून जात नाही विष. काळे तीळ घालूनही नाही, काँग. लसूण काळा पडला नाही म्हणजे विष नाही, यावर तर मुळीच जाऊ नका… डुकराला पण घालू नका. खड्डा करून पुरा.

…बोला. मला काय बोलायचं ते बोला, माझी पडती बाजू आहे… सकाळपासून वेचत होती, माहीत आहे… दाशिशाला द्या जरा. रडत असली तरी द्या.

दाशिशा? अगं रडू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही… हो, हो… अगं ऐक ना. खरं सांग, विज्ञानाचं काही नव्हतंच ना?… मग तसं का नाही म्हणालीस?

…

मी विषय विचारला म्हणून तू विषय सांगितलास.

…खरं आहे. ‘घरी खायला’ असा विषय नसतो आमच्याकडे. आणि विषय नसला की मी म्हणते, मधल्या सुट्टीनंतर ये. हो गं. म्हणते मी तसं.

मग आधी कोण निवडून द्यायचं?… तेइलांगमामा. हो, ते रानातच असायचे… आणि ते गेल्यापासून तुमच्या घरात अळंबी शिजलीच नाही?… म्हणून तू मला विचारायला आलीस.

…काय म्हणालीस? मला ओळखता येते का?

…नाही गं, मला नाही ओळखता येत. खरंच नाही. पुस्तकं सांभाळते म्हणून सगळं ठाऊक असतं असं नाही. मला माहीत नाही हे तेव्हाच म्हणाले असते तर बरं झालं असतं.

बरं, ते पान आहे ना? ते चुलीत घाल… नाही म्हणजे? कुणाला दिलंस?… बानरीला. आणि तिने?… त्याच्या आणखी झेरॉक्स? कुणाकुणाला?… सगळ्याच मिळून गेला होतात आज रानात? टोपल्या घेऊन?

आईला दे. लवकर दे.

काँग, ऐका. पान कुठवर पोचलंय ते शोधत बसायला वेळ नाही. सगळ्यांच्या चुली आत्ताच पेटतात. मी रांगबाह श्नोंगकडे जातेय, गावाचे प्रमुख तेच आणि भोंगाही त्यांच्याच घरावर आहे… नाही, त्यांनी नको. त्यांनी नुसतं ‘खाऊ नका’ म्हटलं तर कोण ऐकणार? प्रत्येक पोरीच्या हातात छापील पान आहे, लायब्ररीच्या शिक्क्याचं. लोक म्हणतील, शाळेपेक्षा याला जास्त कळतं का. मीच बोलते.

…नाव घेऊनच. फिडालियाने चुकीचं पान दिलं, असंच सांगते. त्याशिवाय भांडी खाली उतरायची नाहीत.

…नोकरीचं बघू मग. हेडमास्तर काय म्हणायचं ते म्हणतील. मला भीती त्याची नाही हो. आज अख्ख्या गावाला ऐकवल्यावर सोमवारी कुठलं पोर येऊन मला काही विचारणार आहे? इतकी वर्षं हाका मारमारून आणलंय मी त्यांना. मी तरी माझ्या पोराला पाठवलं असतं का?

…निघतेच आहे. चप्पल कुठे गेली… हॅलो? काय म्हणतेय ती? मला ऐकू येत नाही, तुम्हीच सांगा.

…सोमवारी लायब्ररी उघडी असेल का?

…काय विचारायचंय तिला?… नको, राहू दे. आत्ता नाही विचारत. उघडी आहे म्हणावं. विषय नसला तरी ये म्हणावं.

ठेवते, काँग. वरच्या वस्तीत धूर दिसायला लागलाय.