पुण्याची सुई

मी मूळची कासुर्डीची. लगीन होऊन दौंडात आले, आमचे मालक रेल्वेत हमाली करायचे, आन् मी एका डॉक्टरच्या दवाखान्यात झाडलोट करायला, सुया धुवायला लागले. काय सांगू तुम्हाला, तवा सुई टोचल्याबिगर गुण येतो आसं कुणालाच वाटत न्हवतं, पोट दुखू दे न्हाईतर डोकं, सुईच पायजे. आन् आमचा डॉक्टर सकाळी एकदा सुई उकळायचा, मग दिवसभर तीच, बोळ्यानं पुसली की फुडच्याला टोचली, पुसली की टोचली. मला शिसारी यायची बघा.

मग पुण्याचे मोठे डॉक्टर जीपनं यायला लागले, तापाच्या नव्या औषधाचा अभ्यास करायचा म्हणून. त्यांनी सांगितलं, अभ्यासातल्या हरेक पेशंटला येगळी उकळलेली सुई. झालं, आमच्या डॉक्टरनं नवा ष्टो आणला, हात साबणानं धुवायला लागला, पेशंटला नीट इचारायला लागला. मला वाटलं, सुटलो. पर कसलं काय, त्याच बाकड्यावर अभ्यासातल्यांना उकळलेली आन् बाकीच्यांना पुसलेली!

त्यात आमच्या मालकांची कंबर धरली. मी म्हनलं, डॉक्टर, पाणी उकळतंयच, ह्यांची बी सुई टाकते. तर म्हणतो कसा, हे अभ्यासात न्हाईत, राहू दे. आन् पुसून कुल्ल्यात टोचली. तिथंच गळू झालं, चिरलं, वाटीभर पू निघाला, आन् पाय जो अधू झाला तो झालाच. हमाली गेली.

मग मी बी गप बसले न्हाई. बाकड्यावरच्या बायांना सांगत सुटले, ष्टोवर उकळत्या पातेल्यातलीच सुई मागा. त्यांना वाटलं पातेल्यातली सुई पुण्याची, म्हंजी ताकदीची. सगळ्यांचा एकच धोसरा, आम्हाला पुण्याची सुई द्या, न्हाईतर आम्ही केडगावच्या डॉक्टरकडं जातो. पेशंट चालले म्हनल्यावर डॉक्टर हालला, आन् सगळ्यांच्या सुया पातेल्यात पडल्या.

आता अभ्यास संपला, जीप यायची थांबली, तरी ष्टो पेटतोय. लोक डॉक्टरला हात जोडतात, म्हणतात, लई सुधारला दवाखाना. मला थुकावं वाटतं. पर लोकांना गळवं हुईनात, त्यांचं चांगलं होऊ दे.

आमचे मालक दारात बसून असतात. परवा म्हणाले, तवा मला बी पुण्याची सुई भेटाय पायजे हुती. मी म्हनलं, आवं, सुई हितलीच हुती. पाणी बी उकळत हुतं, तुमची तेवढी त्यात टाकू दिली न्हाई त्यानं.