माळावरची मनगटवाली

ऐका गं बायांनो. ऐका, पण हात थांबवू नका. शेंगांचा ढीग हाय तसाच पडलाय. मला म्हातारीला गोष्ट सांगायला लावायची आणि तुम्ही डोळं वटारून बसायचं, हे आज चालायचं न्हाई. आणि त्या मंगलला जरा हलवा, आत्तापासनंच पेंगायला लागलीया.

तर आपल्या खालच्या आळीतला गुंडू. माझ्या चुलत जावंचा लेक, मला काकी म्हणतो. त्याच्या आईला, तुळसाला, अर्धांग झालं. एक बाजू गेली, वाचा पण गेली. नुसती टकामका बघायची. गुंडूनं तिला गाडीत घालून माळावरच्या दवाखान्यात नेली. तो माळ तुम्हाला ठावं हाय. दिवसा तिथं शेरडं चरायची आणि दिवस बुडाला की कुत्रंसुदिक तिकडं तोंड करायचं न्हाई. का? मनगटवाली.

हसू नका! तवा कुणी हसत न्हवतं. त्या दवाखान्यातनं जे माणूस माघारी यायचं, जितं न्हाईतर मेलेलं, त्याच्या दोन्ही मनगटांवर निळं वळ. बांगडी भरल्यागत. माळावरची बाई रात्री येती, आजारी माणसाची मनगटं धरती आणि ओढून नेती, असं अख्ख्या गावानं ठरवूनच टाकलं हुतं. मग रीतच पडली. दवाखान्यात न्यायच्या आधी दोन्ही मनगटांना काळा दोरा बांधायचा, अंगारा लावायचा, आणि तिथल्या माणसाला हात जोडून सांगायचं, "मामा, रात्री आमच्या माणसाला घट्ट धरून ठेवा." वॉर्डात काम करणाऱ्या गड्याला मामा म्हणायचं आणि बाईला मावशी. नाती कशी झ्याक ठेवल्यात बघा! मामा मान डोलवायचा. "काळजी करू नका, मी धरतो," म्हणायचा.

गुंडूनंही हात जोडलं. मामानं त्यालाही तेच सांगितलं, आणि रात्री नातेवाईक चालत नाहीत म्हणून बाहेर काढलं.

घरी आला. भाकरी पुढ्यात घेतली. वळणीवर आईची वाकळ दिसली. म्हातारीला त्या वाकळंबिगर झोप न्हाई. उठला, वाकळ काखंत मारली आणि निघाला. त्याची बायको आडवी आली, मी आडवी आले. "अरं, दिवस बुडाला. सकाळी जा की." तर म्हणतो कसा, "काकी, तिला मागता पण येत न्हाई." मी वाटंतनं बाजूला झाले. जाऊ दिला.

ओढा ओलांडला. अंधार गुडूप. हातातली बॅटरी मिचमिच करून विझली. आणि मागनं हाक आली. "गुंडू, पाणी दे." आईचा आवाज! अगदी आईचा. आणि आईची तर वाचा गेलेली! मागं बघितलं न्हाई त्यानं. बघायचं नसतं. पाय उचलला.

जरा पुढं जातो, तर वाटंत एक बाई. चालतीया. अंगात दवाखान्याचा पांढरा झगा, आणि दोन्ही हात असं, इकडं बघा, असं दोन्हीकडं ताणलेलं. दोघांनी दोन बाजूंनी ओढून धरल्यागत. हा थांबला की ती थांबती. हा निघाला की ती निघती. ह्यानं वाट सोडली, आडरानात शिरला, तर तिथं पण पुढं तीच! देवाचं नाव घ्यायला गेला, तर नाव येईना. नुसतं "आई, आई" एवढंच.

आणि मग तिनं धरलं. हां, मनगटच! गार हात, हिवाळ्यातल्या हिरीच्या पाण्यागत. गुंडू तालमीत गेलेला गडी, पण त्याला सोडवंना. फरफटत नेला गं त्याला. काट्यातनं, दगडातनं, दवाखान्याचं फाटक सोडून मागल्या अंगाला, तारंच्या कुंपणाखालनं. कापडं फाटली, गुडघं फुटलं. आता ही आपल्याला खाणार, असंच त्याला वाटलं. तर तिनं नेला कुठं? वॉर्डाच्या मागल्या खिडकीपाशी. तिथं हात सोडला आणि दिसंनाशी झाली.

गुंडूनं पहिल्यांदा काय बघितलं असंल? आपलं मनगट. खिडकीतनं उजेड येत हुता. एवढं आवळून आणलं, म्हणजे काळंनिळं झालं असंल की न्हाई? काय न्हाई! साधा वळसुदिक न्हाई.

मग त्यानं आत बघितलं. आता इथनं पुढं मला सांगायचा कंटाळा येतो बघा. भुताचं कितीबी सांगावं, पण हे सांगताना जीव दमतो. तुळसाचं दोन्ही हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटंच्या दांड्याला बांधलेलं. करकचून. काळा दोरा पट्टीखाली रुतलेला. ओठ सुकून पांढरं पडलेलं. शेजारच्या खाटंवर एक म्हातारा, तो पण बांधलेला, "पाणी, पाणी" करत हुता. मामा उठला आणि त्या म्हाताऱ्याच्या थोबाडीत दिली. "पाणी पाजलं की गादी भिजवतोस. मी काय रात्रभर धूत बसू?" मावशी कोपऱ्यात बसून पेशंटांचं दूध पीत हुती. तिनं मान पण वर केली न्हाई.

गुंडू मागल्या दारानं आत घुसला आणि आईच्या गाठी सोडायला लागला. "ए, कोण रे? रात्री नातेवाईक चालत नाहीत!" मामानं पळत जाऊन दाराला कडी घातली, सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि ह्याच्या अंगावर आला. "तुम्हीच सांगता ना, घट्ट धरा म्हणून? मग धरलंय! बाहेर जाऊन तोंड उघडलंस ना, तर ही म्हातारी सकाळ बघायची नाही."

आणि तेवढ्यात, ऐका! घातलेली कडी सरकली. आपली आपण. दार उघडलं, आणि दारात ती. हात तसंच ताणलेलं. गुंडूला ती कोण हे ठावं न्हवतं. गावात कुणालाच ठावं न्हवतं. पण मामाच्या हातातला स्टँड खण्णकन खाली पडला आणि तो म्हणला, "धुरपदाबाई!" नावानं हाक मारली गं बाया त्यानं! त्याच्याच वॉर्डात मेलेली हुती ती, त्याच्या ओळखीची. भिंतीला पाठ लावून खाली बसला. "सकाळी सोडणार होतो मी तुम्हाला, खरंच सोडणार होतो," एवढंच पुटपुटत राहिला.

गुंडूनं आईला वाकळंत गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि दाराकडं पळाला. ती बाजूला झाली, वाट दिली. मागनं तो म्हातारा ओरडला, "बाळा, मला पण ने रं!" मामा उठायच्या बेतात हुता. गुंडू थांबला न्हाई.

उजाडायच्या सुमाराला गावात पोचला. माणसं जमली. आमच्या शेजारची पारू, तिचा नवरा त्याच दवाखान्यात वारलेला, ती तुळसाची मनगटं बघून म्हणाली, "बघा, हिला पण धरलं तिनं." तवा गुंडूनं आपला हात पुढं केला. "मला धरलं हुतं तिनं, पारूकाकू. अख्खा माळ संपंपतुर. हे बघा मनगट, हाय का वळ? आईला मामानं पट्टीनं बांधलं हुतं." पारूनं नवऱ्याला ठेवताना मामाला घरचं कोंबडं नेऊन दिलं हुतं, घट्ट धरा म्हणून. ती तशीच उठली, घरात गेली आणि आतनं दार लावून घेतलं. दोन दिवस चूल पेटली न्हाई तिची.

मग गडीमाणसं जमून त्या म्हाताऱ्याला आणायला गेली. तर खाटंवर धुतलेली चादर, कुणी बसलं पण न्हवतं तिच्यावर. मामा शांत उभा. म्हणतो, "रात्रीच गेला. तुमच्या मनगटवालीनं नेला." पुढं साहेब आलं, चौकशी झाली, चहापाणी झालं. मामाची बदली झाली. दुसऱ्या दवाखान्यात. तिथं पण त्याला मामाच म्हणत असतील.

तुळसा पुढं उन्हाळ्यात गेली. घरात, लेकाच्या मांडीवर, तोंडात पाणी घालून. मनगटं तोवर साफ झाली हुती.

आता त्या वाटंनं जाऊ नका, असं म्हणून उठावं मी. पण कसं म्हणू? दुखणं आलं की जावंच लागतं, आपल्यासारख्यांनी दुसरं कुठं जायचं? पण आपलं माणूस तिथं एकटं टाकून त्या वाटंनं माघारी येऊ नका. हाकललं तर दारात बसा. शिव्या दिल्या तर खावा. पण उठू नका.

गुंडू येतो अजून माझ्याकडं. भुताचं काय न्हाई त्याला, तिला तर तो हात जोडतो. बसतो, सुपारी खातो, आणि मधीच म्हणतो, "काकी, आई एकाच खांद्यावर हुती. दुसरा खांदा मोकळाच हुता की."