परत घडी घालणारे

(रुग्णालयाच्या लाँड्रीतली छोटी खोली. काचेपलीकडे धुलाईची मशिनं चालू आहेत. आत लाँड्रीच्या मुकादम बाई आणि एका उमेदवाराची बहीण.)

बाई : नववा प्रश्न परत वाचा. जरा मोठ्याने, मशिनांपुढे ऐकू येत नाही.

बहीण : ‘उमेदवाराला कामाच्या जागी घरच्या माणसाची सोबत लागते का?’

बाई : आणि तुम्ही लिहिलंय काय?

बहीण : होय. कायम.

बाई : तीन महिने तुमचा दादा माझ्या हाताखाली शिकतोय. त्यातले किती दिवस तुम्ही त्याच्या शेजारी होतात?

बहीण : तुम्ही आत येऊच दिलं नाहीत.

बाई : नाहीच दिलं. म्हणून तुम्ही फाटकासमोरच्या बाकावर पुस्तक घेऊन बसता. अख्ख्या लाँड्रीला ठाऊक आहे. पान काही उलटत नाही म्हणतात.

बहीण : लागलं-सवरलं तर जवळ असावं, एवढंच.

बाई : बरं. आता नीट ऐका. माझ्या अहवालात मी लिहिलंय, हा एकटा काम करतो. तुमच्या अर्जात उलटं. साहेब दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवणार आणि जे सोपं ते करणार.

बहीण : म्हणजे?

बाई : नाव कापणार. अपंगांसाठी राखीव अशा दोनच जागा आहेत, एक त्याची होऊ शकते. नाही झाली तर तो परत पूर्वीच्या त्या अपंग केंद्रात. दिवसभर मणी ओवायचे आणि वर्षातून एकदा पाहुण्यांबरोबर फोटो काढून घ्यायचा. कागद आज चार वाजता वर जाणार.

बहीण : मी खोटं लिहिलेलं नाही, बाई. त्याला लागते सोबत. एक्केचाळीस वर्षं होती.

बाई : तुमच्या वडिलांची.

बहीण : हो. बाबांना जाऊन चौथा महिना चालू आहे. ते असते तर मी त्याला इथे आणलंच नसतं. त्यांनीही आणलं नसतं.

बाई : घरी कपड्यांच्या घड्या कोण घालायचं?

बहीण : दादाच. त्याला आवडतं ते.

बाई : आणि नंतर?

बहीण : नंतर काय?

बाई : ताई, मी विचारतेय म्हणजे मला माहीत आहे.

बहीण : ...तो अंघोळीला गेला की बाबा सगळं उलगडायचे आणि नव्याने घड्या घालायचे. त्याचं मन मोडू नये म्हणून. त्याला कधी कळलं नाही.

बाई : पहिल्या दिवशीचं सांगते. मी त्याला टेबलापाशी उभं केलं. त्याने एक चादर घडी करून ठेवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. अर्धा तास. मी म्हटलं, झालं, हा आळशी निघाला. विचारलं, ‘काय राजे, पुढची कधी?’ तर म्हणतो, ‘अजून आले नाहीत.’ कोण? ‘परत घडी घालणारे.’ पाणी घ्या. माठ तुमच्या मागेच आहे.

बहीण : नको. असं म्हणाला तो?

बाई : रागाने नाही हो. बस कधी येणार विचारावं, तसं.

बहीण : बाबा गेल्यावर मी तेच केलं. गेल्या रविवारीसुद्धा. उशांचे अभ्रे होते. मला वाटलं, बाबांचं एक तरी काम आपण चालू ठेवतोय.

बाई : मायेने केलंत दोघांनी. मायेला कुठं कळतं कधी हात काढायचा ते.

बहीण : मग तुम्ही काय केलंत?

बाई : काय करणार? ती चादर त्याच्यादेखत गाडीवर ठेवली, गाडी लिफ्टमध्ये ढकलली आणि दार लावलं. वर वॉर्डात गेली, तशीच. तो बघत राहिला. दुसरी घडी केली, तीही वर. तिसरी स्वतः घेऊन गेला. मग दिवसभर पठ्ठ्या थांबला नाही.

बहीण : कोपरे जुळत होते?

बाई : छे. म्हणून टेबलावर दोन रंगीत पट्ट्या चिकटवल्या. कडेला कड लावायची, बस्स. आता बाकीचेही निमूटपणे त्याच पट्ट्यांवर घड्या घालतात, पण कबूल करणार नाहीत.

बहीण : खरं सांगा, बाई. माझ्या तोंडाकडे बघून सांगू नका. कसं आहे त्याचं काम?

बाई : माझ्याकडे बारा माणसं आहेत. हा सातवा-आठवा.

बहीण : सातवा?

बाई : वाईट वाटलं?

बहीण : नाही. आजवर त्याला कुणी कशात सातवा म्हटलं नव्हतं. एक तर देवाचं लेकरू, नाही तर बिचारा.

बाई : देवाचं लेकरू परवा टॉवेलच्या ढिगावर बसून गप्पा हाणत होतं. चांगलं झापलं मी.

बहीण : झापलंत? दादाला?

बाई : सगळ्यांना झापते, त्यालाच का सोडू? तासभर तोंड फुगवून होता. मग उठला, कामाला लागला. तुम्ही हसताय की रडताय?

बहीण : माझं मलाच कळत नाहीये. पेन द्या.

बाई : खाडाखोड नको, साहेबांना निमित्त होईल. हा घ्या नवा अर्ज, बाकीचं मी उतरवून ठेवलंय.

बहीण : नववा... ‘नाही.’ एवढंच लिहायचं?

बाई : एवढंच. खाली सही. तारीख राहिली.

बहीण : अक्षर वाकडं आलंय. वाचता येईल ना?

बाई : डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारं ऑफिस आहे, काळजी करू नका. अहो राजे, दारात काय उभे? या आत.

दादा : बाई, सहा नंबर वॉर्डाची गाडी भरली. छोटी, तू का आलीस? पाच नाही वाजले.

बहीण : सही करायची होती, दादा. तुला इथे कायमचं ठेवून घ्यावं म्हणून.

दादा : उद्या पण?

बाई : उद्या पण. परवा पण. उशीर केलास तर बोलणी पण.

दादा : बरं. मग मी जातो. गाडी वर न्यायचीये.

बहीण : दादा, मी थांबू का पाचपर्यंत? सोबत जाऊ घरी.

दादा : नको. मला तीन नंबरची बस माहीत आहे. तू घरी जा.

बहीण : घरी जाऊन काय करू?

दादा : झोप. बाबा गेल्यापासून तू झोपली नाहीस.