मोरीकडची जागा

(ओतूरच्या पेठेतली एक आळी. साळुबाईच्या घराचं खरेदीखत काल जुन्नरला झालं. घेणारा शेजारच्या मोहनबाईंचा मुलगा पिंटू. सामान टेम्पोत चढतंय. दोघी बायका मागच्या परसात आहेत.)

साळुबाई : ...तसं न्हाई मोहनबाई. घर दिलं म्हंजी दिलं. भिंती पाडा, पत्रं उचका, उंबरा काढून रस्त्यात टाका, माझं काय म्हणणं न्हाई. पण ही फक्कीची रेघ हितं कुणी मारली?

मोहनबाई : पिंटूनं. काल संध्याकाळी त्याचा इंजिनिअर आला होता ना. संडासच्या टाकीची खूण आहे ती.

साळुबाई : सीताफळाखाली?

मोहनबाई : झाड काढावं लागेल म्हणतो. मी बोलले त्याला, एवढं फळतं झाड आहे...

साळुबाई : झाड गेलं चुलीत. झाडाचं न्हाई म्हणत मी. तुमी बसा जरा. त्या पाट्यावर बसा. ह्यो पाटा बी ऱ्हायलाच बघा टेम्पोत घालायचा. ऱ्हाऊ द्या. आदेश म्हणतो, आई, फ्लॅटमधी मिक्सर हाय.

मोहनबाई : बसले. बोला.

साळुबाई : तुमाला माझी पहिली आठवती? आदेशच्या आधीची?

मोहनबाई : ...आठवते. नऊ दिवसांची होती.

साळुबाई : नऊ. बारशाला तीन दिस कमी पडले, म्हणून नाव बी न्हाई तिला. मी आपली मनातल्या मनात चिमी म्हणती. तवा मांडवीला पूर आलेला. स्मशानाची वाट बंद. आन् मी सुवेरात. सासूनं उंबऱ्याभाईर पाय टाकू दिला न्हाई, बाळंतिणीनं जायचं नसतं म्हणली. ह्यांनी एकल्यानं नेली, धडुत्यात गुंडाळून. माघारी आले तवा कोपरापातूर चिखल. म्या इचारलं, कुठं ठिवली? म्हणले, लांब न्हाई ठिवली. परसात सीताफळाखाली हाय. तुझ्या नजरंसमोर ऱ्हाईल.

मोहनबाई : साळुबाई...

साळुबाई : चाळीस वर्सं झाली. तिथं कधी लुगडं वाळत घातलं न्हाई, चूळ टाकली न्हाई. झाडाचं पहिलं सीताफळ पिकलं का आळीतल्या एखाद्या पोरीच्या हातात ठिवायचं. तुमच्या थोरलीनं बी खाल्लंय. आन् आता तिच्या डोस्क्यावर संडासची टाकी? मला न्हाई सोसायचं हे.

मोहनबाई : आदेशला ठाऊक आहे?

साळुबाई : न्हाई. त्याला कळलं असतं तर घर इकलंच नसतं त्यानं. मंग चाकणला त्या एका खोलीत दोन पोरं घेऊन किती वर्सं काढायची बिचाऱ्यानं? पिंटूला बी नगा सांगू. तुमच्या सुनंला, राखीला, सातवा म्हैना चाललाय. असल्या जागंत पाय ठिवायची न्हाई ती, आन् तिचं बी चुकत न्हाई. तुमी त्याला नुसती टाकी हलवाया सांगा. त्या तिकडं खणा की, मोरीकडं. ती जागा मोकळीच हाय.

मोहनबाई : मोरीकडं नको.

साळुबाई : का वो?

मोहनबाई : नाही म्हणजे... ओल असते तिथं. पाणी मुरतं.

साळुबाई : संडासच्या टाकीला वल काय करती? मूळचा उकिरडाच तो. जल्मभर राख आन् खरकटं तिथंच टाकलं मी. शेळी बी तिथंच बांधायची. ह्यांना त्या जागंचं काय वावडं व्हतं देव जाणं. मी खुंटा ठोकायची, हे उपटून फेकायचे. त्याच्यावरनं किती भांडलोय आमी.

मोहनबाई : ऐकलीत मी ती भांडणं.

साळुबाई : मंग सांगताय ना पिंटूला?

पिंटू : काय सांगायचंय पिंटूला? काकू, चला, टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला. आणि आदेशचा तिसरा फोन येऊन गेला, निघाली का म्हणून.

साळुबाई : पिंटू, बाळा, एवढं सीताफळ ठिव. टाकी तिकडं मोरीकडं घे.

पिंटू : एवढंच ना? अहो, मला तर बरंच आहे. इकडं खाली खडक लागणार म्हणून जेसीबीवाल्या जानकूला ब्रेकर आणायला सांगितला होता. तिकडं माती मऊ आहे, जेसीबी तासाभरात मोकळा होईल. काल का नाही बोललात?

साळुबाई : काल सह्या व्हत्या. काल म्हणलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारी अटी घालती.

पिंटू : काय काकू तुम्ही पण! तुमच्या ओसरीवर पाढे पाठ केलेत मी. झाडाला हात लागणार नाही, जा बिनघोर.

साळुबाई : मोहनबाई, तुमी बी म्हणा.

मोहनबाई : त्यानं सांगितलं ना.

साळुबाई : त्यो लेकरू हाय, उंद्या इसरंल. शपथ नगं मला. नुसतं व्हय म्हणा.

मोहनबाई : ...हो.

साळुबाई : झालं. ही घ्या किल्ली. मागच्या दाराची कडी जरा वर उचलून लावा, न्हाईतर बसत न्हाई. आकितीला येईन मी. घरात बी येणार न्हाई, मागच्या मागं फूल ठिवीन आन् जाईन. रडू नका वो. मी कुठं रडती?

*

पिंटू : मम्मी, पाय काढ. नवी रेघ पुसली जातेय.

मोहनबाई : पुसू दे. इथं खणायचं नाही.

पिंटू : आता हे काय? काकूंसमोर हो म्हणालीस ना? जानकू राजुरीहून निघालाय, अर्ध्या तासात मशीन दारात येईल.

मोहनबाई : टाकी पुढं घे, ओट्यापाशी.

पिंटू : पुढं जागा कुठाय? रस्त्याचं अंतर सोडायचंय. डावीकडं विहीर आहे. दोनच जागा आहेत मम्मी, सीताफळाखाली नाहीतर इथं. इंजिनिअर टेप लावून लावून थकला काल.

मोहनबाई : राखी कुठाय?

पिंटू : झोपलीय घरात. का?

मोहनबाई : हळू बोल. साळुबाईला आदेशच्या आधी एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांत गेली. पुरामुळे नदीवर नेता आली नाही, म्हणून इथंच परसात ठेवली.

पिंटू : म्हणून ते झाड! मग सांगायचं ना सरळ. बरं झालं, टाकी हलवली.

मोहनबाई : ती झाडाखाली नाहीये.

पिंटू : म्हणजे?

मोहनबाई : तू उभा आहेस ना, तिथं आहे.

पिंटू : ...मम्मी, काय बोलतेस तू?

मोहनबाई : सरक तिथून आधी. लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती तेव्हा. आपल्या मागच्या खिडकीत भांडी पुसत होते. संपतभाऊंनी आधी सीताफळाखालीच पहार घातली. वीतभर खाली खडक. पहार नुसती वाजायची. एका हातात पोर, एका हातात पहार. खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती रे. तशीच छातीशी धरून एका हातानं खणत होते. शेवटी इकडं आले. उकिरड्याची माती मऊ. कमरेइतकं खणलं. माती लोटून झाल्यावर मान वर केली, तर खिडकीत मी. म्हणाले, वैनी, तिला सांगू नका. उकिरड्यात ठेवली म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?

पिंटू : आणि काकूंना सांगितलं, सीताफळाखाली.

मोहनबाई : एवढंच एक खोटं बोलला असेल तो माणूस आयुष्यात. त्या खुंट्यावरून बायकोच्या शिव्या खाल्ल्या, पण तोंड उघडलं नाही. आणि मी वरून बघायची. ती तिकडं फूल ठेवायची, आणि मागं वळून इकडं खरकटं ओतायची. दोनदा बोलायला म्हणून जिना उतरले. दोन्ही वेळा साखर उसनी मागून परत आले.

पिंटू : मम्मी, चाळीस वर्षं झाली. राहिलंय काय तिथं आता?

मोहनबाई : ते जानकूच्या बकेटमध्ये बघायचंय तुला?

पिंटू : ...नाही.

मोहनबाई : आणि पुढं आपण सगळ्यांनी त्यात... मला नाही ते सहन व्हायचं, पिंटू. राखीचं बाळ या परसात रांगणार आहे.

पिंटू : मग तिकडंच घेतो, पहिल्या जागी. ब्रेकर सांगतो परत. पण तू काकूंना फोन कर आणि खरं सांगून टाक.

मोहनबाई : काय सांगू? तुझ्या लेकीवर चाळीस वर्षं तूच खरकटं टाकलंस, हे सांगू? तुझा नवरा मरेपर्यंत तुझ्याशी खोटं वागला, हे सांगू? त्या घरातून तिनं बरोबर नेलंय तरी काय दुसरं?

पिंटू : तू शब्द दिलास त्यांना. माझ्यासमोर दिलास.

मोहनबाई : दिला. आता मोडते.

पिंटू : त्या येणारेत अक्षय तृतीयेला. झाड दिसलं नाही तर काय म्हणतील?

मोहनबाई : म्हणतील ते ऐकून घेईन. तू ती रेघ पुसून टाक. आणि राखीला यातलं अक्षर कळता कामा नये.

*

साळुबाई : हॅलो? मोहनबाईच ना?

मोहनबाई : हो, मीच. साळुबाई, कशा आहात? लागली का झोप नवीन जागेत?

साळुबाई : आठवा मजला हाय. खाली बघितलं का गरगरतं. मातीत पाय ठिवायचा तर लिफ्टनी जावं लागतं. ते ऱ्हाऊ द्या. आदेश काल ओतूरला आला व्हता, गॅसच्या कागदासाठी.

मोहनबाई : आला होता. चहा घेऊन गेला.

साळुबाई : मी इचारलं, आपलं सीताफळ कसं हाय रं? म्हणला, कुठलं सीताफळ, तिथं टाकी झाली. म्या म्हणलं, तू नीट बघितलं नसशील. त्यानं नीट बघितलं न्हाई ना, मोहनबाई?

मोहनबाई : ...बघितलं त्यानं.

साळुबाई : म्हंजी?

मोहनबाई : झाली तिथं टाकी.

साळुबाई : पिंटू इसरला व्हय? तुमी गावाला गेलावता?

मोहनबाई : नाही. मी उभी होते तिथं, शेवटपर्यंत. मीच सांगितलं त्याला.

साळुबाई : तुमी?

मोहनबाई : मोरीकडं जमलं नाही, साळुबाई.

साळुबाई : का न्हाई जमलं? खडक लागला?

मोहनबाई : नाही.

साळुबाई : मंग? आदेश म्हणला, तिथं तर काहीच केलं न्हाई. चार इटा लावल्यात आन् मोगऱ्याचं रोप. खरं का?

मोहनबाई : खरं. मी लावलाय मोगरा.

साळुबाई : मोगरा... खणताना काय निघालं का? कुणी काय बघितलं?

मोहनबाई : काही निघालं नाही. नुसता खडक होता हो.

साळुबाई : खडक कसा आसंल? ह्यांनी पहारीनं खणलं व्हतं तिथं.

मोहनबाई : ...वर थोडी माती होती. खाली खडक.

साळुबाई : म्हंजी त्या मातीबरूबर गेली. कुठं टाकली माती?

मोहनबाई : कशाला आता ते...

साळुबाई : कुठं टाकली, सांगा.

मोहनबाई : मढच्या रस्त्याला. कुणाच्या तरी प्लॉटवर भराव घालायला नेली.

साळुबाई : मढच्या रस्त्याला. मंग आकितीला मी फूल कुठं ठिवू? त्या भरावावर?

मोहनबाई : माझ्याकडं या. मोगऱ्यापाशी बसू दोघी. खरंच या, साळुबाई. तिथं ठेवा फूल.

साळुबाई : तिथं कशाला ठिवू? तिथं माझं काय हाय?

मोहनबाई : साळुबाई, ऐका माझं. संपतभाऊंनी त्या दिवशी...

साळुबाई : त्यांचं नाव घेऊ नका तुमी! सगळ्या जल्मात एकच गोष्ट माझ्या मनासारखी केली त्या माणसानं. पोर माझ्या नजरंसमोर ठिवली. ती बी तुमी ऱ्हाऊ दिली न्हाई. काय सांगताय त्यांचं?

मोहनबाई : ...काही नाही.

साळुबाई : मी शपथ बी घातली न्हाई तुमाला. नुसतं व्हय म्हणा म्हणलं. चाळीस वर्सं भिंतीला भिंत लावून ऱ्हायलो आपण. माझी बाळंतपणं तुमी बघितली, तुमचं सुतक मी धरलं. आन् एका मोगऱ्यापायी माझी चिमी घालवली तुमी.

मोहनबाई : हो.

साळुबाई : लागू द्या मोगरा. घाला गजरे. मी आता ओतूरला पाऊल ठिवायची न्हाई.

मोहनबाई : नका येऊ. तुम्ही नका येऊ, साळुबाई, मी आहे इथं. खरकटं नाही टाकू देत कुणाला तिथं. सकाळी पाणी घालते, संध्याकाळी दिवा लावते... हॅलो? साळुबाई?