तक्त्याखालचं नाव

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय सुभाषराव, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या अनुराधाताई, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या इंदुमतीबाई, आणि नेहरू नगरच्या या लहानशा हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेले विद्यार्थी व पालकहो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी शैलेंद्र. सहा वर्षं बाईंच्या हाताखाली स्पॅनिश शिकवतोय. बाईंची पद्धत आपण जाणताच. वहीत शब्दापुढे इंग्रजी अर्थ दिसला, की ते पान पुन्हा लिहायचं. त्या म्हणत, इंग्रजीच्या एका 'लीव्ह'मध्ये कामावरून निघणंही येतं आणि काम सोडणंही. स्पॅनिशमध्ये मराठीसारखीच दोन क्रियापदं आहेत, मग आपल्याच घरी जायला इंग्रजीच्या गल्लीतून वळसा कशाला? प्रत्येक क्रियापदाला स्वतःच्या दिवसातलं एक वाक्य करून आणावं लागे. यात वेळ जातो हो. पालक कुरकुरत, आणि खरं सांगतो, मीही कुरकुरत असे.

गेल्या वर्षी बाई महिनाभर ग्वाल्हेरला होत्या आणि परीक्षा तोंडावर आली. मी एका बैठकीत चाळीस क्रियापदांचा तक्ता केला, इकडे स्पॅनिश, तिकडे इंग्रजी. 'सालिर' म्हणजे लीव्ह, 'देहार' म्हणजेही लीव्ह. मुलांचा विश्वास बसावा म्हणून खाली नाव टाकलं बाईंचं. त्यांना विचारलं का? नाही विचारलं.

आपली विद्यार्थिनी सुरुची एका स्पॅनिश कंपनीचं काम घरून करत होती. वडील आजारी पडले, तेव्हा तिने कंपनीला लिहिलं, की सोमवारी मला कामावरून निघावं लागेल. तक्ता पाहून तिने 'देहार' घातलं. तिकडे वाचलं गेलं, की मला काम सोडावं लागेल. आभाराचं दोन ओळींचं उत्तर आलं, आणि ती खुलासा करेपर्यंत जागा भरलेली होती. ती मला म्हणाली, "सर, चार्टवर मॅडमचं नाव होतं ना, म्हणून मी दोबारा चेक नाही केलं."

तिची आई तक्ता घेऊन संस्थेत आली. समितीने बाईंना बोलावलं. बाईंनी तो कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "नाव माझं आहे, जबाबदारीही माझीच." मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो.

प्रकृतीच्या कारणाने बाई दोन वर्षं आधी निवृत्त होताहेत, असं आपण पत्रिकेत वाचलंत. बाईंची प्रकृती ठणठणीत आहे. त्या रोज सकाळी तलावाच्या काठाने तासभर चालतात.

अध्यक्षमहोदय, मला चार गोड शब्द बोलायला सांगितलं होतं, ते जमलं नाही. आज सकाळी मी समितीला सगळं लिहून दिलंय. सुरुचीच्या घरीही जाऊन आलो. तिने पाणी दिलं, एवढंच. मला या गोष्टीची फार लाज वाटते.

आता बाईंना शाल मी घालायची आहे. माझा हात धजत नाही. सुरुची मागच्या रांगेत बसली आहे, तिची इच्छा असेल तर तिने घालावी.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर ते पोटात घाला. बाई, तो तक्ता मात्र पोटात घालू नका. त्याच्याखालचं तुमचं नाव खोडा आणि माझं लिहा.