टिटवीचा पवित्रा

बाबा : म्हणजे गरुड मेला म्हणायचा.

ठमी : मेला. माझा खेळ खेळून बघणाऱ्या पाच जणांनी मिळून मारला. काल तीन तास टेबलाभोवती बसून फासे टाकले, प्रत्येकाने गरुडशैलीचा योद्धा होऊन पाहिलं, आणि शेवटी म्हणतात काय, "ताई, हा तुमचा गरुड म्हणजे ससाणाच, फक्त पोटभर जेवून आलेला."

बाबा : खोटं नाही बोलले.

ठमी : हसू नका, बाबा. माझ्या तोंडचं पाणी पळालंय. "बारा पक्षी, तलवारीच्या बारा शैली" असं खेळाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर टाकून बसलेय मी. झाल्यात अकरा. सहाच्या आत फाइल छापखान्यात गेली नाही तर आपली पाळी जाते. आणि पाच वाजता आत्या अर्ज घेऊन दारात.

बाबा : आणेलच का ती अर्ज?

ठमी : आत्या काही विसरलीय असं कधी झालंय? विमा ऑफिसातली माझी खुर्ची उद्या दुसऱ्या कुणाला देणार आहेत. पुस्तक आज छापायला गेलं नाही तर अर्जावर सही करून मुकाट्याने परत जाईन, असा शब्द दिलाय मी तिला.

बाबा : शब्द द्यायला सांगितलं कुणी होतं तुला?

ठमी : तुम्हीच डुलकी काढलीत गेल्या रविवारी, आणि मी एकटी सापडले. तिनेच रदबदली करून मला तिथे चिकटवलं होतं, आणि मी सहा महिन्यांपूर्वी राजीनामा देऊन खेळ लिहायला बसले. पहिल्या महिन्यात तर तिने मला सोलून काढलं. मग तुमचा गुडघा दुखावला म्हणून वाचले. अहो, काठी! काठी घेतल्याशिवाय उठू नका.

बाबा : घेतली, घेतली. वाच बरं ते अकरा. पक्षी बघण्यातच आयुष्य गेलंय माझं.

ठमी : जमीन मोजण्यात गेलंय.

बाबा : तेच ते. तीस वर्षं माळावर फीत धरून उभा होतो. तिथे दुसरं होतं काय बघायला? साहेब?

ठमी : बरं, ऐका. बगळा : एका पायावर उभं राहायचं, तीन फेऱ्या काही करायचं नाही, चौथ्या फेरीला एकच वार. खंड्या : उंचावरून सूर, वार, परत जागेवर. सुतार : ढालीवर एकाच ठिकाणी टकटक, ती फुटेपर्यंत.

बाबा : हा चिवट आहे. आवडला.

ठमी : कोतवाल : आपल्यापेक्षा मोठा असेल त्याच्याच मागे लागायचं, हैराण करायचं.

बाबा : हा तर तुझ्या आत्यावरून घेतलायस.

ठमी : बाबा, चार वाजलेत!

बाबा : तुझे सगळे मारणारे आहेत गं. सैन्य झालं नुसतं. राखणारा एकही नाही त्यात. टिटवी घे.

ठमी : टिटवी? ती नुसती कोकलते. तलवार कुठून धरणार ती?

बाबा : नुसती कोकलते म्हणे! टिटवीसुद्धा समुद्र आटवते, असं काय उगाच म्हणतात? मला एका टिटवीने पाऊण तास माळभर नाचवलंय. मी खुंटी ठोकायला वाकलो, तर समोर ही. पंख मोडलेला, पाय ओढत चाललेली. मला दया आली. धरायला गेलो, ती दोन हात पुढे. परत गेलो, परत दोन हात पुढे. आता सापडतेय, मग सापडतेय, असं करत शंभर पावलं नेलं मला. आणि मग उडाली की झोकात! दोन्ही पंख शाबूत.

ठमी : सोंग?

बाबा : अस्सल सोंग. परत येऊन बघतो तर माझ्या खुंटीपासून वीतभरावर चार अंडी. उघड्या जमिनीवर, हुबेहूब खड्यांसारखी. पाय पडला असता माझा.

ठमी : मग काय केलंत?

बाबा : करणार काय? ती बाजू महिनाभर न मोजताच ठेवली. साहेबांना सांगितलं, तिकडे गवत फार माजलंय.

ठमी : आणि माजलं होतं?

बाबा : माळ होता गं. औषधाला काडी नव्हती.

ठमी : थांबा, थांबा. म्हणजे योद्धा जखमी झाल्याचं सोंग करतो. लंगडतो, तलवार फरफटत नेतो. शत्रूला वाटतं, हा काय, आत्ता लोळवतो. तो मागे मागे जातो, आणि ज्याला वाचवायचंय तो राहतो सुखरूप. न मारता जिंकायचं! बाबा, हे माझ्या अकराही पक्ष्यांत नाही. उठा, करून बघू.

बाबा : आत्ता?

ठमी : करून बघितल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. बगळ्याच्या वेळी ओट्यापाशी अर्धा तास एका पायावर उभी होते, दूध उतू गेलं तरी. ही उशी म्हणजे अंडी. मी शत्रू, ही पट्टी माझी तलवार. तुमची काठी ती तुमची. हळू हं मात्र, गुडघा सांभाळून.

बाबा : तू तलवार उगारून सरळ उशीकडे ये. बाकी माझ्यावर सोड.

ठमी : आले.

बाबा : आई गं!

ठमी : बाबा! लागलं का?

बाबा : छे गं, सुरू झालं. ये.

ठमी : बाप रे, खांदा निखळल्यासारखाच दिसतोय की! थांब टिटवे. हा घे वार. हुकला. परत हुकला!

बाबा : ये ना. दमलेय बघ मी. पंख लोळतोय नुसता.

ठमी : आता सोडत नाही. हा... अहो, दाराबाहेर कुठे? थांबा ना! जरासाच हुकला. हा शेवटचा... एक मिनिट. कुठे आलो आपण?

बाबा : जिन्याच्या तळाशी. बावीस पायऱ्या उतरलीस. आणि उशी कुठे आहे?

ठमी : वर. एकटी. बाबा, मला उशीची आठवणसुद्धा राहिली नाही! भन्नाट आहे हे!

बाबा : अजून संपलं कुठे? शेवटी टिटवी काय करते?

ठमी : उडते.

(जिन्यावर धपधप पावलं. एका दमात, दोन-दोन पायऱ्या.)

बाबा : ही बघ! पोचली टिटवी घरट्यावर!

ठमी : बाबा.

बाबा : अगं ये की वर!

ठमी : बाबा, तुमची काठी इथे खाली पडलीय.

बाबा : काठी होय? आण की येताना.

ठमी : आले मी. ही ठेवली काठी कोपऱ्यात. बसा. मला धाप लागलीय, तुम्हाला नाही.

बाबा : ते जरा खेळाच्या भरात...

ठमी : आणि आत्ता लंगडलात उजव्या पायाने.

बाबा : बरं, मग?

ठमी : दुखतो डावा.

बाबा : डावा का? हो. डावाच.

ठमी : कधी बरा झाला गुडघा? खरं सांगा.

बाबा : तिसऱ्या आठवड्यात.

ठमी : पाच महिने होत आले!

बाबा : तुला आठवतं का, मी पायरीवरून घसरलो त्या रविवारी माझी ताई तुझ्यावर बरसत होती. तू मान खाली घालून बसली होतीस. मी कण्हलो, खरंच दुखत होतं, आणि ती तुला सोडून तेल शोधायला धावली. पुढे गुडघा बरा झाला, मी काठी टाकली, तर ती पुन्हा तुझ्याकडे वळली. म्हटलं, गुडघ्याला थोडी मुदतवाढ द्यावी. ताई, तुझे काका, वरच्या मजल्यावरचे, जो येई तो गुडघ्याचंच बोले. तुझ्या नोकरीचं नावही काढेना. तू आतल्या खोलीत लिहीत होतीस. मला फाशांचा आवाज यायचा.

ठमी : आणि मी रोज हात धरून तुम्हाला जिना उतरवत होते.

बाबा : ते मला आवडायचं.

ठमी : पण तुम्ही तळ्यावर फिरायला गेला नाहीत इतके दिवस. एक दिवस चुकला तर चिडचिड व्हायची तुमची. बाबा, असं का केलंत हो? मला रडू येतंय आता.

बाबा : आता रडतेस काय? टिटवीला अंडी असताना भटकता येतं होय? पुस पाहू डोळे. लिहायचंय आपल्याला... बेल वाजली. साडेचारच झालेत, ताई आलीच! दे ती काठी. तू आत पळ. मी तिला तासभर गुडघ्याभोवती फिरवतो.

ठमी : थांबा. टिटवी हे सोंग सोडते कधी?

बाबा : पिल्लं आपल्या पायांनी पळायला लागली, उडायला लागली, की सोडते.

ठमी : मग काठी कोपऱ्यातच राहू दे. दार मी उघडते.

आत्या : काय गं ठमे, दार उघडायला एवढा वेळ? हे तेल घे, कोमट कर. बाळ्या, पाय वर घे. कुठला दुखतोय आज?

ठमी : आत्या, आधी माझं ऐक. बाबांचा गुडघा बरा आहे. केव्हाचाच. तू मला बोलू नयेस म्हणून ते लंगडत होते. तुला जे बोलायचंय ते मला बोल, मी तोंड वर करून ऐकेन. पण सहापर्यंत मला वेळ दे.

आत्या : झालं बोलून?

ठमी : झालं.

आत्या : बत्तीस वर्षं अपघाताचे दावे तपासलेत मी त्या ऑफिसात. खोटं लंगडणारा माणूस मला दारातून कळतो. हा एका महिन्यात डाव्याने लंगडला, दुसऱ्या महिन्यात उजव्याने. मधल्या एका रविवारी तर दोन्ही.

बाबा : त्या दिवशी खरंच दोन्ही...

आत्या : तू गप्प बस.

ठमी : मग इतके दिवस बोलली का नाहीस?

आत्या : काय बोलायचं? लहानपणी याला तेल मीच लावायचे. मोठा झाला, आणि मग जवळ कधी बसलाय हा? पाच महिने बसला. मला बरं वाटायचं. आणि म्हटलं, जो माणूस जन्मात खोटं बोलला नाही, तो कशापायी एवढा लंगडतोय, बघू तरी.

बाबा : एकदा बोललो होतो. गवताबद्दल.

आत्या : कसलं गवत?

ठमी : सांगते नंतर. आत्या, बारावी शैली आत्ता सापडलीय. टिटवी. योद्ध्याला मागच्या कुणाला तरी वाचवायचं असेल तरच वापरता येते. तो जखमी झाल्याचं सोंग करतो, शत्रू फासा टाकतो, फसला की त्याच्या मागे जातो.

आत्या : फाशावर? नुसत्या नशिबावर खोटं पचतं होय? कच्चं आहे हे. खोटं लंगडणारा कुठे चुकतो सांगू? पाय विसरतो. खेळणाऱ्याने सुरुवातीला कुठला पाय ते लिहून चिठ्ठी पालथी ठेवायची. मग लढाईच्या धामधुमीत शत्रू कधीही विचारेल, कुठला पाय? चुकला की सोंग उघडं.

ठमी : आत्या! अगं, हेच हवं होतं! आता टेबलावर कुणी जांभई देईल तर शपथ!

बाबा : मी तर पहिल्याच फेरीत गेलो असतो.

आत्या : गेलाच होतास. आणि ठमे, अजून एक कलम घाल. सोंग उघडं पडलं, तरी शत्रूला मागे जायची मुभा असावी.

ठमी : ओळखूनसुद्धा? का जाईल तो?

आत्या : त्याची मर्जी. कारण विचारू नये, असंही लिही.

ठमी : लिहिते. हाताने लिहिल्याशिवाय मला जुळत नाही. वही... गेली, गरुडाने सगळी पानं खाल्ली. बाबा, कागद बघा ना कुठे! पावणेपाच होत आले.

आत्या : धावपळ नको. हा घे.

ठमी : आत्या, हा तर अर्ज आहे.

आत्या : मागची बाजू कोरी आहे.